सेमीफायनलचा पंचनामा

आमचे शेजारी उत्तमकाका फुटबॉलची मॅच बघत असताना तुम्ही मैदानाकडं पाठ करून नुसतं ऐकलंत, तर तुम्हाला वाटेल, कुठल्या तरी वावरात भावाभावांची जुंपली आहे. "अतिक्रमण! अतिक्रमण!" असं काका ओरडले की समजावं, ऑफसाइड झाला. चेंडू रेषेबाहेर गेला की "धुरा ओलांडला!" आपल्या गड्याच्या पायातला चेंडू समोरच्यानं काढून नेला की कपाळावर हात मारून "झाला फेरफार!" गोलकीपरला ते कोतवाल म्हणतात आणि रेफ्रीला सर्कलसाहेब. रेफ्री बिचारा बाहेरगावचा असतो. हा मान आहे की शिवी, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

काका एकतीस वर्षं तलाठी होते; धुरा म्हणजे शेताचा बांध आणि सर्कल म्हणजे त्यांचा वरचा साहेब. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ती फक्त कागदोपत्री. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. बदली होऊन इंझोरीत आलो त्याच महिन्यात आमच्या पेरूची फांदी वाऱ्यानं मोडून त्यांच्या अंगणात पडली. मी माफी मागायला गेलो तर काका कागद घेऊन बसलेले. "आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, पेरूची एक फांदी, लांबी सव्वासहा फूट, त्यास कच्चे पेरू नग अकरा..." पंच म्हणून शांताकाकू, दूधवाला आणि मी.

"काका, झाड माझं, मग मी पंच कसा?"

"हरकत योग्य हाय सर," असं म्हणून काकांनी माझं नाव खोडलं आणि रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी बाईंना सही करायला आत बोलावलं. बाईंनीही केली. या गावात काकांना कुणी नाही म्हणत नाही.

याला कारण आहे. काकांनी आयुष्यात खोटी नोंद केली नाही. एका वर्षी गारपीट झाली, तेव्हा पाहणी करायला गेले ते नेमके सख्ख्या मेहुण्याच्या वावरात. मेहुण्याला वाटलं, भाऊजी आहेत, लिहितील चार ओळी. भाऊजींनी एकच ओळ लिहिली: "नुकसान दिसून आले नाही." मेहुणा त्या दिवसापासून बोलत नाही. पोरीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली नाही. काकू आजही भाजीत मीठ जास्त झालं की म्हणतात, "लिहा, लिहा पंचनाम्यात! माह्या भावाचंबी तसंच लिहलं होतं!" काका खाली मान घालून जेवतात. पण ती ओळ चुकली, असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही.

तर असा हा माणूस फुटबॉलच्या नादी लागला. आजूबाजूला सगळीकडं क्रिकेट, पण आमच्याकडं मैदानाला लागून तुरीची वावरं. क्रिकेटचा चेंडू तुरीत गेला की गेला. फुटबॉल निदान सापडतो. एवढ्या साध्या कारणानं गावात फुटबॉल रुजला आणि काकांच्या डोक्यात शिरला. मैदान आखायचा मान त्यांचाच. कपाटातून जुनी साखळी काढायची, जमीन मोजणीची, तेहतीस फुटांची, आणि भल्या सकाळी वाकून वाकून चुना टाकायचा. कुणी मदतीला गेलं तर म्हणायचे, "तुमी फक्त सावली पाडू नका."

यंदा जानेवारीत तालुक्याबाहेरचे संघ बोलावून गावानं मोठी स्पर्धा भरवली. सेमीफायनलला आमची गाठ अनसिंगशी. एकास एक बरोबरी झाली आणि टायब्रेकर लागला. दोन्हीकडच्या चार-चार किका आत गेल्या. अनसिंगची पाचवीही आत गेली. आमची पाचवी मारायला आला गजानन, आमचा कॅप्टन. वय अठ्ठावीस. स्टँडजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान. अंगात गावाचा निळा टी-शर्ट. शिट्टी वाजली, गजानन धावला आणि चेंडू बारवरून जो गेला तो थेट तुरीत. आम्ही हरलो.

 काकांनी उन्हाची छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली आणि घरी निघून गेले. मला वाटलं, बरं झालं, शांतपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी कळलं, ते फक्त श्वास घेत होते.

मग जे सुरू झालं ते दोन दिवस थांबलं नाही. एसटीचा कंडक्टर, भाजीवाली, गॅसची टाकी आणणारा, सगळ्यांना थांबवून काका ती किक समजावून सांगत. "इतला मोठा गोल! बैलगाडी आडवी गेली असती आतून. अन् ह्या लेकाले एक आभायच दिसलं!" तोंडानं भागेना तेव्हा प्रात्यक्षिक सुरू झालं. अंगणात मोटरसायकल आणि तुळशीवृंदावन हे दोन खांब, मध्ये शांताकाकू, आणि चेंडू म्हणून कोबीचा गड्डा. काकू माझ्या बायकोला सांगत होत्या, "मी भाकर थापून राह्यली होती वो, अन् हे म्हणे डाव्या अंगाले झेप घे! ह्या गुडघ्यानं झेप घेऊ?" कोबी मात्र काकूंनी अडवला होता. ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता.

गावही काही कमी नव्हतं. पानठेल्यावर गजानन दिसला की कुणीतरी विचारायचं, "काहून बे गज्या, तुरी सोंगाले आलता का?" गावाच्या ग्रुपवर कुणीतरी चंद्राशेजारी फुटबॉल लावून फोटो टाकला. पहिल्या दिवशी मीही हसलो, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी गजाननचं दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशीही बंद.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी गजाननची बायको, वर्षा, काकूंकडं आली. मी काकांच्या ओसरीवर पेपर वाचत होतो आणि काका अंगणात कोबी ठेवून पावलं मोजत होते.

"तीन रोज झाले काकू, धड जेवले नाही," ती सांगत होती. "घराबाहीर पाय टाकत नाही. म्हणतात दुकान मोडतो अन् पुण्याले जातो, कंपनीत लागतो. इथं तोंड दाखवाले जागा नाही म्हणतात. मी काय करू?" आणि ती रडायला लागली.

काका कोबीपाशी तसेच उभे राहिले. मग वाकून कोबी उचलला, घाम नसताना कपाळ पुसलं आणि आत जाऊन तो गड्डा काकूंच्या टोपलीत ठेवला. त्या दिवशी त्यांनी कुणालाही किक समजावून सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात निरोप फिरला: तलाठीसाहेब सेमीफायनलचा पंचनामा करणार आहेत, सर्वांनी मैदानावर हजर राहावं. अशी करमणूक कोण सोडतो? सगळं गाव जमलं. दोघातिघांनी धरून आणलेला गजाननही मागं, झाडाला टेकून उभा होता. मला शाळेचा टेप घेऊन बोलावलं होतं. "साखळीवर आता शंका हाय, म्हून शाळेचा टेप," काकांनी जाहीर केलं. पंचांना आणि लोकांना गोलरेषेवरच उभं केलं. "ठिपक्यापाशी कोणी येणार नाही. पुरावा तुडवला जाते." स्वतः टेपचं शून्याचं टोक गोलरेषेवर धरून बसले आणि दुसरं टोक देऊन मला एकट्याला पेनल्टीच्या ठिपक्यावर पाठवलं.

इथं एक सांगायला हवं. मोजणीच्या वेळी काका मोजणाऱ्याच्या तोंडात कधी आकडा घालत नाहीत. तो बोलेपर्यंत थांबतात, मग पुन्हा एकदा विचारतात आणि मगच लिहितात. कुंपणाची जाळी मोजताना त्यांनी मला इंचासाठी तीनदा वाकवलं होतं.

मी वाकलो. टेप ताणला. पांढऱ्या ठिपक्याच्या मधोमध आकडा होता छत्तीस. नियमाप्रमाणं तंतोतंत, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका मोठ्यानं म्हणाले, "तेहतीस ना सर?"

मी वर बघितलं. काका माझ्याकडं बघत होते. एवढ्या लांबून डोळे दिसत नव्हते, पण त्यांनी टेपला हलकाच एक हिसका दिला, तो माझ्या बोटांना कळला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. नुसते थांबले.

"तेहतीस," मी म्हणालो.

"नोंद घ्या!" काका उठले आणि सगळ्या गावासमोर खणखणीत आवाजात लिहीत लिहीत वाचू लागले. "...की पेनल्टीचा ठिपका छत्तीस फुटांवर पाहिजे असता तेहतीस फुटांवर आढळून आला. मैदान आखणाऱ्याने जमीन मोजण्याच्या सवयीने पुरी एक साखळी टाकली व वरचे तीन फूट धरणे विसरला. सदर चूक आखणाऱ्याची असून त्याचे नाव उत्तम..." आणि स्वतःचं नाव बापाच्या नावासकट लिहिलं.

"पण साहेब, अनसिंगवाल्यायनंबी तिथूनच मारल्या ना?" पानठेलेवाल्यानं विचारलं.

"त्यायले सवय कायची हाय? गज्या रोज बरोबर छत्तीसवरून मारते. पायाले छत्तीसचीच सवय. तीन फूट जवळून तेवढ्याच ताकतीनं मारल्यावर बॉल वरून जाईन नाही तं काय!"

मी विज्ञान शिकवतो. जवळून मारलेला वर चढणारा चेंडू उलट खालून जायला हवा, हे माझ्या सातवीच्या पोरांनीही सांगितलं असतं. पण लोक माना डोलावत होते, आणि मी पंच म्हणून सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. सह्या होईपर्यंत काका चालत ठिपक्यापाशी आले, आणि ज्या ठिपक्याजवळ त्यांनी कुणाला फिरकू दिलं नव्हतं, त्यावरून चप्पल घासत घासत तो पुरता मातीत मिळवला.

दुपारपर्यंत गावाचा रोख फिरला होता. आता पानठेल्यावर काकांची पाळी होती. "एक ठिपका धड टाकता आला नाही, अन् यायनं आपले धुरे सांगतले!" कुणीतरी म्हणालं. दोघे चुलतभाऊ तर खरंच घरी येऊन ठेपले, की तुम्ही बारा वर्षांपूर्वी मोजून दिलेला धुरा आम्हाला आता कबूल नाही, परत मोजणी आणू. काका म्हणाले, "आणा. तुमचा हक हाय." आणि त्यांना चहा पाजून पाठवलं. आत काकूंनी त्या दिवशी ना मिठाचा विषय काढला, ना भावाचा.  मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

मला मात्र राहवत नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघं स्टँडकडं निघालो तर गजाननचं दुकान उघडं. आत तो मोटारीला तार गुंडाळत होता आणि समोर चारपाच टवाळ बसलेले. काकांना बघताच गजानन ओरडला, "काय तलाठीसाहेब! माही पेनल्टी खाल्ली ना तुमी! आता पुढच्या साली चुना मीच टाकतो. तुमी बसा घरी साखळी घासत!" सगळे खो खो हसले. गजानन सर्वांत मोठ्यानं.

माझं डोकं फिरलं. ज्याच्यासाठी या माणसानं एकतीस वर्षांची पुण्याई मातीत घातली, तोच! मी पुढं झालो, "गजानन, तुला माहीत आहे का..." तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

"चुकलो लेका," ते गजाननला म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाच्या हातून होते कधी कधी."

आम्ही परत फिरलो.  मी रागानं भराभर चालत होतो. घराच्या कोपऱ्यावर काका थांबले, माझं मनगट अजून त्यांच्या हातातच होतं.

"हसला ना तो सर? तुमी पाह्यलं ना?"

"हसला काका," मी म्हणालो. "चांगला पोट धरून हसला."