साला सात

अन्याय झाला रशीद सरांवर. कधी, तेही लिहून ठेवा: गेल्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, तिसऱ्या तासाची घंटा होऊन पाच मिनिटं झाली असताना. आठवी 'ब' रांगेत उभी होती, सर म्हणत होते, "आता साला चार," आणि दारात हेडसर येऊन थांबले होते. त्यांच्या मागं रेणापूरहून आलेले एक पालक, पालकांच्या हातात अर्ज. चित्रकलेचे शिक्षक मुलांना शिव्या देतात, अशी तक्रार.

शिव्या! हा माणूस व्हरांड्यातल्या कुत्र्यालासुद्धा "आप जरा सरका" म्हणतो.

आता सरांचं ध्यान सांगते, म्हणजे प्रकरण कळेल. लातूरच्या उन्हात, डांबर चपलेला चिकटतं त्या दिवसांत, सर शनिवारी चित्रकलेच्या हॉलमध्ये शिरताना घोट्यापर्यंत येणारा लोकरीचा ओव्हरकोट घालतात. बायकांचा. बटणं उलट्या बाजूला. घामानं निथळत सांगतात, "आत गार असतंय बेटा. चित्रांना गर्मी सोसत नाही." हॉलमध्ये एक पंखा आहे. तो फिरत नाही.

कोट भूकंपातला. आमच्या भागात जमीन हलली तेव्हा जगभरातून कपड्यांचे गठ्ठे आले. ज्यांची घरं गेली त्यांना जगानं स्वेटर पाठवले, टाय पाठवले. सर तेव्हा गठ्ठे उघडून कपडे वाटायला जात. हा कोट कुणी घेईना, म्हणून शेवटी सरांनीच घेतला. त्याच्या आतल्या खिशात एक घडीचा कागद निघाला: स्पेन देशाचं एक बेट, बेटावर शहर, शहरात चित्रांचं म्युझियम आणि त्या म्युझियमचा नकाशा. कोणती खोली कुठं, जिना कुठं, दार कुठं. टपाल तिकिटाएवढी तीन चित्रं: एक जहाज, एक फळांचं ताट, एक झालरीच्या कॉलरचा माणूस. खोल्यांवर लिहिलेलं: साला एक, साला दोन, साला तीन. तिकडच्या भाषेत साला म्हणजे दालन.

सर हैदराबादच्या पलीकडं कधी गेले नाहीत. पण त्या म्युझियमला ते दर शनिवारी जातात, आणि आम्हालाही नेत. हॉलच्या फरशीवर त्यांनी खडूनं नकाशा आखलेला. पाय घासून यायचं, रांगेनं फिरायचं. "हात मागं, डोळे पुढं. हल्लू हल्लू!" घाई करणाऱ्याला सर परत दारात पाठवत. भिंती रिकाम्या होत्या, कारण नकाशात चित्रं तीनच. उरलेली आम्ही काढायची. दरवर्षी एका वर्गानं एक साला भरायचा. मी साला पाचमध्ये समुद्र काढला होता. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावातली मुलगी, समुद्र काढायला मला निळा रंग पुरला नाही. सर बराच वेळ बघून म्हणाले, "लाटा बादलीतल्या वाटतात. पण इमानदार आहेत."

शहराचं नाव सांताक्रूझ. सर दर शनिवारी शाळेच्या सहलीच्या फॉर्मात तेच लिहीत, त्यावरून हेडसर पूर्वीपासून चिडून होते. "रशीदमियाँ, सांताक्रूझला कसलं म्युझियम? तिथं विमानतळ हाय. माझा मेव्हणा राहतो."

"तुमच्या मेव्हण्याचं वेगळं, सर. हे बेटावरचं."

"मग फॉर्मात बेट लिहा की!"

असा सगळा प्रकार. आणि मग रेणापूरच्या पोरानं घरी जाऊन सांगितलं, "आज सरांनी आम्हाला साला तीन दाखवला." बापानं विचारलं, "तुला साला म्हणून राहिलेत का मास्तर?" पोरगं खरं बोललं, "मलाच न्हाई, सगळ्या वर्गाला. दर शनिवारी."

मी या शाळेची माजी विद्यार्थिनी. आता आमची विद्यार्थी हक्कांची संघटना आहे आणि तिची पत्रकं मीच लिहिते. सरांचा तास आणि हॉल काढून घेतला, हे रविवारी कळलं, सोमवारी सकाळी मी हेडसरांपुढं. नेट कॅफेत जाऊन स्पॅनिश शब्दकोशाचं पान छापून नेलं होतं. हेडसरांनी चष्मा लावून ते वाचलं, परत वाचलं आणि म्हणाले, "असंल. त्या देशात असंल. रेणापूरच्या पालकाला कुठं माहीत?"

"मग सांगा त्यांना."

"सांगितलं. त्यांनी अर्ज मागं घेतला. भला माणूस हाय."

"मग सरांना तास परत द्या!"

तेव्हा हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले. खरी गोष्ट तिथं होती. समोरच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स, त्यावर मेडिकलला लागलेल्या मुलांचे पासपोर्टचे चेहरे. आमच्या गावात चित्रं बघायची असतील तर एवढंच प्रदर्शन, बाराही महिने खुलं. संस्थेला मेडिकलची परीक्षा पुन्हा देणाऱ्यांची रिपीटर बॅच बसवायची आहे. हॉल मोठा आहे, उजेड चांगला आहे. शिवी निमित्ताला मिळाली. शिवी गेली तरी निमित्त राहिलं.

मी सरांच्या घरी जाऊन पत्रकाचा मसुदा वाचला: "साला ही शिवी नाही, साला हा कक्ष आहे! कलेची गळचेपी थांबवा!" सर मन लावून ऐकत होते. मला वाटलं, पेटले.

"बेटा, 'निषेध'मधला ष असा पोट फुगलेला काढतात का? आण इकडं. माझ्या अब्बांनी अर्ध्या गावाच्या पाट्या रंगवल्या. लोक काय म्हणतील?"

त्यांनी माझ्या निषेधाचे सगळे ष दुरुस्त केले, आणि मसुद्यातला "धिक्कार" खोडून "विनंती" लिहिलं. असल्या माणसासाठी आंदोलन करायचं म्हणजे उपोषणाला बसलेल्यानंच आल्यागेल्याला चहा विचारावा तसं.

मी वैतागून म्हटलं, "सर, तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो ना. त्या फ्लेक्सचा येतो. एवढी पोरं पास झाली, एकाला तरी हसू द्यायचं होतं फोटोवाल्यानं."

मग काल मी हॉल आवरायला त्यांच्याबरोबर गेले. तुमच्यापैकी जे त्या शाळेत होते त्यांना आठवत असेल: कपाटामागं एक लहान दार आहे. कुणी विचारलं की सर सांगत, "साला सात. बंद आहे. काम चालू आहे." नकाशात साला सात नव्हताच, घडीवर कागद फाटून तिथं भोक पडलं होतं. आम्ही म्हणायचो, सरांनी तिथं जेवणाचा डबा लपवलाय.

काल कपाट सरकवलं. सरांनी कोट घातला, बटणं लावली, मग किल्ली काढली.

आत भिंतभर चित्रं. तेलखडूची, शाळेच्या पातळ कागदावरची. प्रत्येक चित्रात एक घर: जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद, दारात म्हैस नाहीतर तुळस. प्रत्येकाखाली सरांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी: नाव, इयत्ता सहावी, "माझे घर", तेलखडू. आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं काढलेला मार्कांचा गोल. आत काही नाही.

भूकंपाआधी सर औशाकडच्या एका गावात शिकवत, हे मला माहीतच नव्हतं. गणपती विसर्जनासाठी ते लातूरला घरी आले, तेव्हा सहामाहीचे पेपर तपासायला सोबत आणले होते. सकाळी परत द्यायला गाव नव्हतं.

"गोल काढून ठेवले होते," सर म्हणाले. "मार्क द्यायचे राहिले. आता द्यायचे म्हटलं तर कमी कुणाला देऊ?"

मी हात मागं घेऊन एकेका घराखालचं नाव बघत गेले.

"यांतली थोडी पोरं वाचली," सर म्हणाले. "पत्रं टाकली होती. पण सहावीचा पेपर न्यायला कोण येतं, बेटा?" मग भिंतीकडं बघत, पहिल्यांदाच जरा घाबरून, "हे कागद गुंडाळता येत नाहीत. गुंडाळले की रंग एकमेकांना लागतो. माझ्या घरी तर भिंतींना ओल आहे. कुठं नेऊ?"

येत्या सोमवारी तिथं बाकडी येणार आहेत.

म्हणून हे पत्रक, त्यांनी "विनंती" लिहायला लावलेलं. पण मी विनंती करत नाही, सांगते. सोमवारी सकाळी, बाकडी उतरायच्या आत, शाळेत या. फलक आणू नका, घोषणा नकोत, सरांना आवडत नाहीत. पाय घासा, हात मागं घ्या, हॉलमध्ये उभे राहा आणि हलू नका. तुम्ही त्या सहावीत असाल तर सगळ्यांच्या आधी या, आपलं घर ओळखा, आणि सरांकडून मार्क घेतल्याशिवाय जाऊ नका. फाटकावर शिपाई विचारेल, कुठं निघालात. न लाजता, मोठ्यानं, हेडसरांना ऐकू जाईल असं सांगा:

साला सात.