पिरनवाडीची जीप

मॉडेलची गाडी हातानं नाही, डोक्यानं बांधायची असते, असं आदर्शनं जाहीर केलं आणि आणलेलं खोकं पिरनवाडीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. माधवी भाकऱ्या थापत होती. तिनं वळून पाहिलं नाही. लग्न झाल्यापासून याच डोक्यानं गच्चीवरची बाग, माशांची काचेची पेटी आणि बासरी अशी बरीच कामं हातात घेतली होती. त्यातली बासरी तेवढी स्वयंपाकघराच्या लहान खिडकीचा पडदा अडकवायला उपयोगी पडत होती.

खोक्यात जीप होती. प्लॅस्टिकची, वीतभर लांब, सुटे भाग जोडून तयार करायची. चिकोडीच्या कुणा गृहस्थानं ती हौसेनं घेतली होती, घाईनं अर्धी जोडली होती आणि कंटाळून विकायला काढली होती. मोबाइलवर फोटो दिसल्या दिसल्या आदर्श मोटारसायकल काढून चिकोडीला गेलता. चाकं गमानं अशी चिकटवलेली की फिरायचं नाव घेत नव्हती. पुढच्या काचेवर त्या गृहस्थाच्या अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की पोलिसांना थेट उपयोगी पडावा. आणि वरून सगळ्यावर हिरवा रंग, अंगण सारवल्यासारखा. हे पाहून आदर्शला आनंदच झाला. नवीन किट काय, कुणीही जोडतं. दुसऱ्यानं घाण करून ठेवलेलं निस्तरण्यात खरा इंजिनिअर दिसतो, असं त्याचं म्हणणं.

इंजिनिअर तो होता, त्यात वाद नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत डिझाइन खात्यात त्याची नोकरी. त्या खात्याचे प्रमुख लवकरच रिटायर होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोन नावं घेतली जात होती. एक आदर्शचं, दुसरं सुविधाचं. सुविधा निपाणीची, त्याच्यानंतर लागलेली, मोजकं बोलणारी. तिच्या टेबलावर गेलेलं ड्रॉइंग चहा निवायच्या आत सही होऊन परत येई. आदर्शच्या टेबलावर गेलेलं ड्रॉइंग लोणच्यासारखं मुरत पडे. याला तो अभ्यास म्हणत असे, आणि सुविधाच्या कामाला उरकणं.

जीपची गोष्ट घरातच राहिली असती तर एवढं काही बिघडलं नसतं. पण एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं ती मालकांसमोर काढली. मालक म्हणजे हुक्केरी साहेब. घरी कन्नड, कामगारांशी मराठी आणि बँकेशी इंग्रजी बोलणारा व्यवहारी माणूस. कारखान्याच्या नव्या इमारतीत दर्शनी भागात काचेचं एक कपाट करून घेतलेलं होतं आणि त्यात काय ठेवावं हे त्यांना सुचत नव्हतं. आदर्श बारीक कामाबद्दल, संयमाबद्दल आणि बोटांच्या स्थिरतेबद्दल इतकं बोलला, की साहेबांनी डबा बंद करून त्याच्याकडं नीट पाहिलं.

"असं असंल तर ती जीप तयार कर आणि कपाटात ठेव," ते म्हणाले. "उद्घाटनाला पुण्याचं गिऱ्हाईक येणार हाय. बघून त्यांनी म्हणाय पायजे, इथली माणसं हाताला पक्की हायत. आयतु?"

"आयतु, सर," आदर्श म्हणाला. झालंच म्हणून समजा, अशा सुरात. प्रमुखाची खुर्ची आता जीपमध्ये बसूनच आपल्याकडं येणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

पहिला प्रश्न असा पडला, की चिकोडीच्या गृहस्थानं जोडलेलं सगळं मोडून मुळापासून सुरुवात करावी, की आहे तसं पुढं न्यावं. मोडलं तर नाजूक भाग तुटणार. ठेवलं तर परक्याची चूक आपल्या नावावर चढणार. आदर्शनं यावर मोबाइलवर असंख्य व्हिडिओ पाहिले. तोवर टेबलावर सुटे भाग मांडून ठेवलेले असल्यामुळं घरातली माणसं जमिनीवर बसून जेवू लागली. त्यातच खानापूरकडच्या गावाहून त्याचे वडील भरमूआप्पा डोळ्यांच्या तपासणीसाठी आलते. त्यांनी दोन-चार जेवणं सोसली.

"मोडायची आसंल तर मोड, जोडायची आसंल तर जोड," ते शेवटी म्हणाले. "टेबल तेवढं मोकळं कर. माजं गुडघं दुखालेत."

त्यांच्या गुडघ्यांखातर आदर्शनं चाकं तशीच ठेवायचं ठरवलं. मग जीप कुणाची करायची हा प्रश्न आला. लष्कराची तर जगात सगळेच करतात. वनखात्याची करावी, म्हणजे खानापूरच्या जंगलाचा मान राहील, असं त्याला सुचलं. पण तरुणपणी डोक्यावर सागाचा ओंडका घेऊन भरमूआप्पा अशाच एका जीपपुढं पळाले होते. ती गाडी घरात आली तर आपण संध्याकाळच्या एसटीनं गावाकडं जाऊ, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पोलिसांची जीप माधवीनं नाकारली. दारात पोलिसांची गाडी दिसली की शेजारी आधी हसतात, मग चौकशी करतात, ही गाडी प्लॅस्टिकची असली तरी करतील, असा तिचा अंदाज होता. अखेर साध्या माणसाची साधी जीप, असं ठरलं. त्यात कुणाला काही खुपण्यासारखं नव्हतं.

हे ठरल्याच्या उत्साहात आदर्शनं कामाला हात घातला. घराच्या लोखंडी फाटकाचा लाल प्रायमर शिल्लक होता, तो त्यानं जीपला खालच्या बाजूनं मारला. पिवळा रंग कसा दिसतो ते पाहावं म्हणून वरच्या बाजूला पिवळा मारला. उजेड चांगला होता, म्हणून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

वर पिवळी, खाली लाल. बेळगावात हे दोन रंग असे एकावर एक आले की कर्नाटकाचा झेंडा होतो, हे शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल. आदर्शच्या ध्यानात ते आलं नाही. माधवीचा भाऊ शामू मात्र निपाणीत मोबाइलचं दुकान चालवायचा आणि उरलेला वेळ सीमाप्रश्नाला द्यायचा. त्याचा फोन लगेच आला.

"दाजी," शामू दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "तुमीबी तिकडचं झालासा व्हय?"

तो लाल रंग म्हणजे फाटकाचा प्रायमर आहे, हे आदर्शनं परोपरीनं समजावलं. शामूला प्रायमरशी कर्तव्य नव्हतं. त्यानं बहिणीच्या लग्नापासूनच्या काही गोष्टी काढल्या. सासरच्या माणसांपुढं आदर्शचा कणा जरा लवचीक होता. संध्याकाळपर्यंत जीप भगवी झाली आणि पुढं-मागं कोल्हापूरकडच्या नंबरच्या मराठी अक्षरातल्या पाट्या लागल्या. शामूनं तो फोटो मागून घेतला आणि आपल्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, "बेळगावच्या फौंड्रीत घुमला मराठी हुंकार."

हा हुंकार सकाळी कॅन्टीनमध्ये पोचला. स्टोअरमधल्या कानडी मंडळींनी आदर्शला मुद्दाम विचारलं, की कंपनी कर्नाटकात आहे, पगार कर्नाटकात होतो, मग गाडी महाराष्ट्रात पासिंग कशी झाली. पॅटर्न शॉपमधल्या मराठी मंडळींना हे विचारणं आवडलं नाही. आदर्शनं वाद मिटवण्यासाठी कंपनीच्या ग्रुपवर मतदान घेतलं, जीपला कुठला रंग द्यावा म्हणून. पांढरा म्हटलं तर लोक म्हणाले, हा पुढाऱ्यांचा. हिरवा म्हटलं तर कुणी तरी हसण्याचं चित्र टाकलं आणि त्यावर दुसरं कुणी तरी रागावलं. निळा म्हटलं तर तो कुणाला खूश करायला, अशी विचारणा झाली. प्रत्येक रंगाला आधीच कुणी तरी मालक होता. ओळखीच्या सगळ्या रंगांचे सातबारे होऊन गेलेत आणि आपल्याला कळलंच नाही, याचं आदर्शला आश्चर्य वाटलं. ग्रुपवरचा वाद जीपवरून दुकानांच्या पाट्यांवर गेला, पाट्यांवरून नदीच्या पाण्यावर, पाण्यावरून क्रिकेटवर, आणि मग ग्रुपच बंद करण्यात आला.

हुक्केरी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. माझं निम्मं गिऱ्हाईक तिकडं आहे आणि सगळी भट्टी इकडं, ते म्हणाले, तेव्हा काय तो एक रंग ठरव आणि मोकळा हो. बाहेर पडताना सुविधा भेटली. तिनं न विचारता एका वाक्यात सांगितलं, की राखाडी द्या, जीपला शोभतो आणि कुणाचाच नाही, नंबर लावूच नका. सूचना बिनतोड होती. अडचण एवढीच, की ती सुविधाची होती. विचार करण्यासारखं आहे, असं आदर्श म्हणाला आणि त्या क्षणापासून राखाडी सोडून बाकी सगळ्या गोष्टींचा विचार करू लागला.

उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा त्याला तोड सुचली. रंग द्यायचाच नाही. आहेत ते सगळे थर उतरवायचे आणि मुळातलं प्लॅस्टिक दाखवायचं. साधेपणातच खरी कला असते, हेही त्याला त्याच वेळी आठवलं. आता रंग उतरवायचा कशानं? व्हिडिओतला एक जण स्पिरिट म्हणत होता, दुसरा ब्रेक ऑइल. कारखान्याच्या रंगखात्यातला माणूस थिनर म्हणाला होता, पण तो लोखंडाबद्दल बोलत होता. तिघांतलं एक निवडायचं होतं. आदर्शनं कुणालाच न दुखावता तिन्ही सारख्या प्रमाणात एकत्र केलं, माधवीच्या इडलीच्या पातेल्यात ओतलं, त्यात जीप बुडवली, वर झाकण ठेवलं आणि मॅच बघायला बसला.

वास आधी माधवीला आला. तिनं झाकण काढलं आणि नवऱ्याला बोलावलं. पातेल्यात जीप गुडघे टेकून बसली होती. बॉनेट थकलेल्या म्हशीच्या जिभेसारखं बाहेर लोंबत होतं. टप पापडासारखा वाकडा होऊन सीटवर बसला होता. चारी रंग एकमेकांत मिसळून असा काही रंग झाला होता, की त्यावर कुठल्याच पक्षानं हक्क सांगितला नसता. चाकं मात्र सुटली होती आणि छान फिरत होती.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. भरमूआप्पांनी तपासून आलेल्या डोळ्यांनी पातेल्यात निरखून पाहिलं.

"आता खरी दिसालीय," ते म्हणाले. "घाटात पडल्याली जीप मी बगितलोय. हुबेहूब अशीच."

आप्पांना हे सांत्वन वाटलं असेल. आदर्शला तो साक्षात्कार वाटला. पाच मिनिटांत तो सांगू लागला, की आपल्या मनात पहिल्यापासून अपघातग्रस्त जीपच होती. त्यानं प्लास्टरचा रस्ता केला, बाभळीची काटकी झाड म्हणून रोवली आणि जीप तिच्यावर आदळून ठेवली. शेजारी सूचनेची छोटी पाटी हवी होती. तीन भाषांत लिहायचं तर वर कुठली, हे ठरेना, म्हणून पाटीवर नुसतं उद्गारचिन्ह काढलं.

सकाळी कपाटात ते दृश्य पाहून हुक्केरी साहेब क्षणभर थबकले. आदर्शनं घाईनं सुरक्षेचं महत्त्व सांगितलं. साहेबांना पटलं. "बरं सुचलं तुला," असंही ते म्हणाले. आदर्शची छाती फुगली आणि त्यानं सुविधाकडं उदारपणे पाहिलं. स्टोअरमधली मंडळी येऊन पाहून गेली आणि अशी गाडी चालवणारा माणूस नक्की तिकडचा असणार, असं म्हणाली. शामूनंही फोटो पाहून फोन केला. ही कर्नाटकाचीच गाडी दिसते, आमच्याकडची माणसं अशी चालवत नाहीत, असं त्यानं ठासून सांगितलं. जीपवर आता कुणाचाच दावा राहिला नव्हता. वाद कायमचा मिटवला, याचं श्रेय आदर्शनं मनातल्या मनात स्वतःला दिलं.

मग पुण्याचं गिऱ्हाईक आलं. मोठ्या पंप कंपनीचे खरेदी अधिकारी, बारीक नजरेचे गृहस्थ. हार-तुरे झाल्यावर ते फिरत फिरत कपाटापाशी आले. चष्मा वर करून त्यांनी आत पाहिलं, मग वाकून पाहिलं.

"हे तुमच्याच भट्टीतलं ओतकाम का?" त्यांनी काळजीनं विचारलं. "साचा सरकला होता, की धातूच थंड पडला होता?"

हुक्केरी साहेबांचा चेहरा हळूहळू जीपच्या रंगाचा झाला. त्यांनी आदर्शकडं पाहिलं. "सांग," ते म्हणाले.

"सर, याचं उत्तर दोन-तीन प्रकारे देता येईल," आदर्शनं सुरुवात केली. "एका दृष्टीनं पाहिलं तर..."

तो दुसऱ्या दृष्टीपर्यंत पोचायच्या आत सुविधानं कपाट उघडलं होतं. तिनं जीप, झाड आणि रस्ता एकत्र उचलून पाठीमागं नेलं, आपल्या टेबलावरचं पंपाचं नवं कास्टिंग आणून त्या जागी ठेवलं आणि सांगितलं, की ते सजावटीचं होतं, हे आमचं. अधिकाऱ्यांनी कास्टिंग हातात घेऊन वजन पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि डिलिव्हरी केव्हा देता, असं विचारलं. तेही सुविधानंच सांगितलं.

त्याच आठवड्यात ती खात्याची प्रमुख झाली. आदर्शनं घरी सांगितलं, की त्या खुर्चीत फार धावपळ असते आणि आपला पिंड अभ्यासाचा आहे. माधवीनं मान डोलावली आणि इडलीचं पातेलं नवीन आणायला सांगितलं. भरमूआप्पा टेबलावर बसून जेवले आणि गावाकडं गेले.

थोड्या दिवसांनी आदर्श सुविधाच्या केबिनमध्ये गेला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग अगदी सहज आठवल्यासारखं दाखवून, ती जीप कुठं ठेवली, असं त्यानं विचारलं. ती त्याच दिवशी भंगाराच्या गाडीत गेली, असं सुविधा म्हणाली, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडं पाहून जरा ओशाळली.

"सर, तुम्हाला हवी होती का ती?"

आदर्श दारात थांबला. त्यानं छताकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.