पट्टा, एक नग

उत्तरेश्वर गटसचिव होता आणि आपल्या सचिवपणावर त्याचा फार विश्वास होता. गावाचं नाव सांगत नाही. चौसाळ्याला हमरस्ता सोडला की आत कुठंतरी लागतं, एवढं पुरे. नाव न सांगायचं कारण असं, की त्या बिचाऱ्याला निवृत्तीपर्यंत त्याच सोसायटीत दिवस काढायचे आहेत.

बावीस वर्षं तो गावच्या सहकारी सोसायटीचे ठराव लिहीत होता. या काळात चेअरमन बदलले, संचालक बदलले, पण ठरावाचं अक्षर बदललं नाही. मोत्याचे दाणे! सहकारात कोणतीही वस्तू मागून मिळत नाही, ती ठरावात बसवावी लागते, आणि बसवायची कला तालुक्यात आपल्या एकट्यालाच येते, असं तो चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगायचा. आता चहा पाजणाऱ्याला कोण खोटं म्हणतो?

त्या साली दुष्काळ होता आणि सोसायटीनं जनावरांची छावणी काढली होती. एक दिवस उसाचा ट्रॅक्टर आला. मोळ्या मोजायला उत्तरेश्वर ट्रॉलीवर चढला, पायाखालची मोळी सरकली आणि तो छातीवर ट्रॉलीच्या फाळक्यावर आपटला. कडकन आवाज झाला तो उसाचा की आपला, हे त्याला बीडला फोटो काढल्यावर कळलं. उजव्या बाजूची एक बरगडी चिरली होती.

डॉक्टर म्हणाले, "बरगडीला प्लास्टर नसतं. छातीचा पट्टा लिहून देतो, तो बांधा. सहा आठवडे जपा. खोकू नका, शिंकू नका, हसू नका."

"हसायला काय झालंय, साहेब?" उत्तरेश्वर म्हणाला.

दवाखान्याच्या बाहेर त्याची बायको सुभद्राबाई चिठ्ठी हातात घेऊन म्हणाली, "हितं समोरच दुकान हाय. पट्टा घेऊ अन् बांधूनच गाडीत बसू."

"कावून?" उत्तरेश्वरनं चिठ्ठी तिच्या हातातून काढून घेतली. "मी पडलो ते सोसायटीच्या कामावर. पट्टा सोसायटीचा. तीन दिवसांत ठराव, चौथ्या दिवशी पट्टा. बावीस वर्षं दुसऱ्यासाठी लिव्हलं, एक ठराव सोतासाठी न्हाई का लिव्हता येत?"

सुभद्राबाईनं कपाळाला हात लावला. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा रिकाम्या बोअरचा पंप चालवलेला बरा, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

आता छावणी म्हणजे काय, तर सकाळ-संध्याकाळ कडबाकुट्टीचं यंत्र आणि हवेत बारीक भुसा. उत्तरेश्वरची शिंक पहिल्यापासून नावाजलेली. एक कधी यायची नाही, तीन यायच्या. पहिलीला तो मंडपाचा खांब धरायचा, दुसरीला खांबाला मिठी मारायचा आणि तिसरीला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्या भागात त्या वर्षी तेवढंच पाणी फुकट मिळत होतं.

तिसऱ्या दिवशी सभा भरली. कोरम झाला. उत्तरेश्वरनं विषय मांडला आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. चेअरमन मोहनराव खुर्चीत रेलून बसले होते. माणूस दिलदार, पोट त्याहून दिलदार.

"घेऊन टाका की," मोहनराव म्हणाले. "सचिवाला दुखायलंय."

उत्तरेश्वरनं पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात सगळ्यांत म्हातारे संचालक तात्याबा म्हणाले, "पट्टा कशाला? आमच्या ढवळ्याची बरगडी मोडली तवा गोणपाट तिंबून आवळलं हुतं. पंधरा दिवसांत नांगराला."

"तात्याबा, मी बैल न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला.

"म्हनूनच म्हनतोय. बैलाला लई लागतंय, तुला थोडक्यात भागंल."

संचालक बंकटनं मग हळूच आपल्या मेव्हण्याचं चौसाळ्याला मेडिकल असल्याचं सांगितलं. हे ऐकून समोरच्या पॅनलचा आसाराम ताठ बसला. मेव्हणा हा शब्द सभेत आला की आसारामला झोप लागत नसे.

"तीन कोटेशन घ्या," तो म्हणाला. "तीन कोटेशनबिगर खरेदी न्हाई. नियम हाय."

नियम होताच. चार वर्षांपूर्वी उत्तरेश्वरनंच लिहिला होता, लाल शाईनं अधोरेखित करून. आता तो आपल्याच अक्षराकडं बघत बसला.

कोटेशनं यायला दहा दिवस गेले. चौसाळ्याचं आलं, बीडचं आलं, परळीचं आलं. पण दुकानदारांनी आपापल्या अकलेनं तीन वेगळ्या वस्तू पाठवल्या. चौसाळ्याचा पट्टा चार बोटं रुंद, नुसता छातीवरचा. बीडचा कमरेचा, आत लोखंडी पात्या. आणि परळीचा काखेपासून खुब्यापर्यंत असा लांबलचक, की माणूस त्यात उभा करून गावाला पाठवावा. डॉक्टरनं लिहिलेला म्हणजे चौसाळ्याचा. एवढं साधं होतं.

"तोच घ्या," उत्तरेश्वर एक हात बरगडीवर ठेवून म्हणाला. "मी घालून दाखवतो."

"तुमी कशे घालताल?" आसाराम म्हणाला. "तुमचा हितसंबंध हाय. ज्याला वस्तू पायजे त्यानंच पसंत केली तर सहकार राहिला कुठं?"

हेही त्याचंच वाक्य. मागं मोहनरावांच्या खुर्चीच्या खरेदीच्या वेळी त्यानं आसारामला शिकवलं होतं.

मग नमुने मोहनरावांच्या अंगावर बघायचं ठरलं. अध्यक्ष म्हणजे सगळ्या सोसायटीचा प्रतिनिधी. चौसाळ्याच्या पट्ट्याची दोन टोकं त्यांच्या पाठीमागं एकमेकांना भेटलीच नाहीत, वीतभर अंतर राहिलं. बंकट एक टोक ओढतोय, तात्याबा दुसरं ओढतायत, मोहनराव लाल होतायत. "नापास," आसाराम म्हणाला. बीडच्या पात्या मोहनराव बसले तशा बरोबर नको तिथं टोचल्या. तोही नापास. परळीचा मात्र बसला. मोहनराव खुर्चीत टेकले, मान डोलावली आणि म्हणाले, "याच्यात बसाय लई बरं वाटतंय." उरलेली सभा त्यांनी तो घालूनच चालवली.

"अहो, बरगडी माझी हाय!" उत्तरेश्वर ओरडला, आणि ओरडल्याबद्दल बरगडीनं त्याला जागेवरच शिक्षा केली.

"सचिव, तुमाला सभेत मत न्हाई," आसारामनं आठवण करून दिली. "अन् एका मानसासाठी खरेदी ऑडिटला चालत न्हाई. ऊसतोडीवरून आलेल्या अर्ध्या गावाची कंबर धरलेली हाय. वस्तू सगळ्यांच्या उपेगाची पायजे. छातीला, पाठीला, कमरेला."

सगळ्यांनी माना हलवल्या. दुष्काळात ज्याला कामधंदा नाही त्याला न्यायाची फार आवड सुटते.

उत्तरेश्वर चिडला होता, पण पेन हातात आलं की त्याचा राग उतरायचा. मिळेल तो पट्टा आपलाच, असा विचार करून त्यानं लिहिलं: 'सोसायटीच्या सभासदांच्या सोयीसाठी छाती, पाठ व कंबर यांस आधार देणारा, कमीजास्त करता येणारा पट्टा, एक नग, खरेदी करण्यात यावा.' वाक्य असं चपखल बसलं की त्यानं ते दोनदा वाचलं.

घरी त्या संध्याकाळी टँकर आला होता. एरवी नवराबायको मिळून हंडे वाहायचे. बरगडी चिरल्यापासून सुभद्राबाई एकटीच वाहत होती, वर दोन म्हशींचं छावणीतलं वेगळं. ती दारात कमरेवर हात ठेवून टेकली.

"अवं, माझं बी कमरेत..."

"थांब जरा," उत्तरेश्वर म्हणाला. "परळीच्या दुकानाला मागणीपत्र लिव्हायलोय. 'संदर्भ' लिव्हला की सांग काय ते."

ती आत निघून गेली. संदर्भ लिहून झाल्यावर ती काहीतरी सांगणार होती, हे त्याच्या लक्षातून गेलं.

पट्टा पाचव्या आठवड्याच्या शेवटी आला. तो आला म्हणजे लगेच मिळाला असं नाही. आधी त्याची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली. मग सोसायटीच्या फवारणी पंपावर जसा घातला होता तसा त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातला, आणि पेंट वाळेपर्यंत पट्टा खुंटीवर टांगून ठेवला. मोहनरावांनी नारळ फोडला. कुणीतरी हारही आणला होता, तो पट्ट्याला घातला. एवढं झाल्यावर उत्तरेश्वरनं हात पुढं केला.

"ठराव वाचा आदी," आसाराम म्हणाला.

उत्तरेश्वरनं आनंदानं वाचला. 'सोसायटीच्या सभासदांच्या' इथं त्याचा आवाज जरा उतरला आणि 'सोयीसाठी' पर्यंत बसलाच.

"सचिव सभासद हाय का?" आसारामनं विचारलं.

नव्हता. उत्तरेश्वर पगारी माणूस. त्याची जमीन तिकडं तलवाड्याला. बावीस वर्षं ज्या सभासदांची यादी तो दरवर्षी नव्यानं उतरवून काढत होता, तिच्यात त्याचं नाव कधीच नव्हतं.

तात्याबांना दया आली. "घरात कुनी हाय का सभासद?"

होती. लग्नानंतर सासऱ्यानं याच गावातले दोन एकर लेकीच्या नावानं करून दिले होते, आणि एका वर्षी यादीत बाया कमी पडल्या म्हणून उत्तरेश्वरनंच तिच्या भागाचे पैसे भरून तिला सभासद केलं होतं. सौ. सुभद्राबाई. यादीतला नंबर त्याला पाठ होता.

रस्ता निघाला! त्यानं तिथंच सुवाच्य अक्षरात बायकोच्या नावानं अर्ज लिहिला, घरी नेऊन सही घेतली. पण वस्तू सभासदाच्याच हातात द्यायची असा नियम, त्यामुळं दुसऱ्या दिवशी तिला कचेरीत यावं लागलं. हा नियम कुणी लिहिला होता ते आता सांगायला नको.

सुभद्राबाई आली. रजिस्टरवर सही केली. पट्टा हातात घेतला, उलटापालटा करून बघितला, पदर खोचला आणि सगळ्या संचालक मंडळासमोर लुगड्यावरून कमरेला गुंडाळून घट्ट आवळला. मग हळूहळू सरळ उभी राहिली. महिनाभरात तिला कुणी एवढं सरळ बघितलं नव्हतं.

"अगं, हे काय?" उत्तरेश्वर खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्यासाठी हाय ते."

"अर्जावर नाव कुनाचं हाय?"

"नाव तुझं. पन बरगडी..."

"तुमी चौथ्या दिवशी आननार हुता. मी पाच आठवडे तुमच्या वाटनीचं बी पानी आनलं. माझी कंबर कुन्या ठरावात बसवली तुमी?"

मोहनराव छताकडं बघायला लागले. आसाराम म्हणाला, "कायदेशीर हाय." पुन्हा एकदा सगळी सभा त्याच्याशी सहमत झाली.

उत्तरेश्वरला काहीतरी जोरदार बोलायचं होतं. त्यानं श्वास भरून घेतला, तेवढ्यात बाहेर कडबाकुट्टी सुरू झाली आणि भुसा खिडकीतून आत आला. एक शिंक. त्यानं कपाट धरलं. दुसरी. तिसरी. सगळे थांबून बघत राहिले. उत्तरेश्वरनं डोळे उघडले, बरगडीवर हात ठेवला, जरा दाबून बघितलं. काही दुखत नव्हतं. बरगडी ठरावाची वाट न बघता आपली आपण सांधली होती.

"बरी झाली न्हवं?" सुभद्राबाईनं विचारलं. "मग सांच्याला टँकर तुमचा."

सोळा हंडे त्यानं त्या संध्याकाळी वाहिले, अख्ख्या गल्लीसमोर. पट्टा एका सभासदाकडं ठेवायची मुदत पंधरा दिवसांची होती. ती संपली तशी सुभद्राबाईनं त्याला कागद घेऊन समोर बसवलं आणि मुदतवाढीचा अर्ज लिहायला सांगितलं.

"कारन काय लिव्हू?" त्यानं विचारलं.

"लिवा की," ती म्हणाली, "नवरा सचिव असल्यामुळं."

त्यानं मोत्यासारख्या अक्षरात तसंच लिहिलं. अर्ज एका सभेत मंजूर झाला.