मन मोकळे करण्याचा योग्य मार्ग

आमच्या शाळेतल्या विद्यार्थ्यांना मन असते असे परिपत्रक वरून आले, तेव्हा शाळेत बरीच धावपळ उडाली. तोपर्यंत आम्ही गणवेश, नखे आणि हजेरी एवढ्यावर भागवत होतो. परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते की प्रत्येक शाळेने विद्यार्थ्यांचे मानसशास्त्र मंडळ तातडीने स्थापन करावे, आणि ते विद्यार्थ्यांनी स्वयंस्फूर्तीने स्थापन केले आहे असे दिसावे. मुख्याध्यापिका बाईंनी शिक्षकांच्या खोलीत हे मोठ्याने वाचून दाखवले आणि सगळ्यांकडे पाहिले. सगळे आपापल्या कपात पाहू लागले.

विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, “माझ्या पुस्तकात मेंदू आहे, मन नाही. मेंदूचं काही असेल तर सांगा.”

“मन-बिन काही नसतं हो,” पी.टी.चे सर म्हणाले. “मैदानाला दोन चकरा मारायला लावा, सगळं जागेवर येतं.”

शेवटी मंडळ माझ्या गळ्यात पडले. मी भूगोल शिकवतो. माझ्या निवडीचे कारण मुख्याध्यापिका बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले: नकाशांच्या खोलीला जाड पडदे आहेत, आणि मनाचे प्रकरण म्हटले की पडदे हवेत. मला मानसशास्त्राचा गंध नव्हता. पण ज्या विषयाचा गंध नाही त्याचे प्रमुखपद मिळाले की माणूस आधी नियम करायला बसतो, तसा मीही बसलो.

पहिल्या सभेला खूप मुले आली, कारण त्याच वेळी गणिताची चाचणी होती. चाचणी रद्द झाल्याचे कळताच ती आली तशी निघून गेली. मागे राहिली फक्त नववीतली एक मुलगी. जगाच्या नकाशाखालच्या बाकावर, दक्षिण ध्रुवाच्या जरा उजवीकडे, दप्तर मांडीवर घेऊन ती बसली होती.

“सर, इथे बोलायचं असतं ना?”

“बोलायचंच. पण मंडळाची रीतसर स्थापना अजून व्हायची आहे.”

तरीही ती बोललीच. या वयात मुलांना स्थापनेचे महत्त्व कळत नाही.

“आमच्याकडे आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत, सर. भांडतसुद्धा नाहीत. सगळं माझ्याकडून. एकाच टेबलावर जेवतो आम्ही. आई म्हणते, तुझ्या बाबांना विचार, आणखी वाढू का. बाबा म्हणतात, आईला सांग, नको.”

“मग अडचण कुठे आहे? निरोप तर पोचतोय.”

“मी बदलून सांगते, सर.” तिने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. “आई म्हणते, त्यांना म्हणावं, या घरात तुमची कुणाला गरज नाही. मी बाबांना सांगते, आई म्हणतेय तुम्ही दमलात, जरा पडा. बाबा म्हणतात, तिला सांग, तिचं तोंड बघायचाही कंटाळा येतो. मी आईला सांगते, बाबांना आज उशीर होणार आहे. दिवसभर माझ्या डोक्यात तेच चालू असतं. काय ऐकलं आणि काय सांगितलं. आता मी फार दमलेय, सर. एखाद्या दिवशी चुकून खरं सांगून बसेन आणि आमचं घर मोडेल.”

मला वाईट वाटले. खरोखरच वाटले. पण भावनेच्या भरात काहीतरी सांगून बसणे प्रमुखाला शोभत नाही. मी तिला “बघू आपण” म्हटले आणि मंडळाला पहिली लाभार्थी मिळाल्याची बातमी तडक मुख्याध्यापिका बाईंच्या कानावर घातली.

“उत्तम!” बाई म्हणाल्या. “पण सर, गुप्तता पाळा हं. मनाच्या बाबतीत गुप्तता फार महत्त्वाची.”

आता गुप्तता ही काही एकट्यादुकट्याने पाळण्याची गोष्ट नव्हे. तिच्यासाठी गुप्तता समिती नेमण्यात आली. तीत सर्व शिक्षक, कार्यालयातले कारकून आणि पालक संघाचे पदाधिकारी होते. आपल्याला घेतले नाही म्हणून फाटकावरचे रखवालदार रुसले, तेव्हा त्यांनाही घेतले. समितीच्या पहिल्याच बैठकीत लाभार्थीची हकिगत सर्वांना विश्वासात घेऊन सांगण्यात आली. ती माहीत नसलेले शाळेत कोणी उरलेच नाही, त्यामुळे ती फुटण्याचा धोका कायमचा टळला.

पुढचा प्रश्न, तिचे ऐकून कोणी घ्यायचे? शिक्षकांनी ऐकले तर मंडळ विद्यार्थ्यांचे राहत नाही. म्हणून विद्यार्थ्यांमधून ‘श्रोते’ निवडायचे ठरले. निवड गुणवत्तेवर, म्हणजे गणिताच्या गुणांवर झाली. महिन्याभरात शाळेसमोरच्या शिकवणीवाल्यांनी ‘श्रोता प्रवेश वर्ग, निकालाची हमी’ अशी पाटी लावली. आपल्या मुलाने इतरांचे ऐकावे असे प्रथमच पालकांना वाटू लागले.

श्रोत्यांचे प्रशिक्षण पी.टी.च्या सरांनी मैदानावर घेतले. एकदा शिट्टी वाजली की मान हलवायची, दोनदा वाजली की ‘मी समजू शकतो’ म्हणायचे. ही कवायत भर उन्हात चालू असताना एक श्रोता चक्कर येऊन पडला. बाकीच्यांनी रांग न मोडता त्याच्याकडे पाहून मान हलवली. प्रशिक्षण यशस्वी झाल्याची सरांची खात्री पटली.

मग मी सर्वांत महत्त्वाचा नियम केला. कोणी उठावे आणि थेट प्रमुखाशी बोलावे, अशाने कोणतेही मंडळ चालत नाही. यापुढे लाभार्थीने आपले म्हणणे श्रोत्याला सांगावे, श्रोत्याने सचिवाला, सचिवाने अध्यक्षाला आणि अध्यक्षाने मला. अध्यक्ष म्हणून दहावीतल्या ‘पहिला नंबर’ची नेमणूक झाली. त्याला घरीदारी याच नावाने हाक मारतात आणि तोही ओ देतो.

नियम जाहीर झाला त्या दिवशी लाभार्थीने मला जिन्यात गाठले.

“सर, पण हे अगदी आमच्या घरच्यासारखंच झालं.”

“मग तुला सोपं जाईल,” मी म्हणालो, आणि यापुढे योग्य मार्गाने येण्याची समज देऊन तिला वर्गात पाठवले.

मंडळ असे रुळावर आले असतानाच सर्वोत्कृष्ट मानसशास्त्र मंडळ निवडण्यासाठी वरून साहेब येणार असल्याचे कळले. उपक्रमाचे दृश्य फलित दाखवावे, अशी सूचना होती. मनाचे फलित दिसत नाही, ही मोठीच पंचाईत होती. बाईंनी ती सोडवली.

“नाटक बसवा, सर. त्या मुलीचंच. तिच्या घरातली वाक्यं जशीच्या तशी घ्या, म्हणजे जिवंत वाटेल. फक्त मुलीचं नाव बदला. गुप्तता राहिली पाहिजे.”

मुख्य भूमिकेसाठी रीतसर निवड चाचणी झाली. भूमिका मूळ तिचीच असल्यामुळे संधी डावलली असे व्हायला नको, म्हणून लाभार्थीलाही बोलावले. तिने वाक्ये हळू आवाजात, जमिनीकडे बघत म्हटली. परीक्षक असलेल्या मराठीच्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “ही नुसतीच उभी राहते हो. हिच्यात दुःख दिसतच नाही. खरं वाटत नाही.” भूमिका सातवीतल्या एका चुणचुणीत मुलीला मिळाली. तिला सांगाल तेव्हा, सांगाल त्या डोळ्यातून रडता येत असे.

तालमी सुरू झाल्यावर लाभार्थीने काय केले, ते मला पुढे अहवालासाठी चौकशी करताना कळले. ती श्रोत्यासमोर जाऊन रडली. म्हणाली, “हे नाटक करू नका. ती वाक्यं आई-बाबांनी ऐकली तर मी काय काय लपवलं ते त्यांना कळेल. मग सगळं संपेल.” श्रोत्याने शिकवल्याप्रमाणे मान हलवली आणि सचिवाला सांगितले की लाभार्थीला आई-बाबांनी वाक्ये ऐकण्याबद्दल काळजी वाटते. सचिवाने अध्यक्षाला सांगितले की आई-बाबांना वाक्ये ऐकू येतील की नाही, याची तिला काळजी वाटते. पहिला नंबर हुशार आहे. तो थेट तोडगा घेऊनच माझ्याकडे आला.

“सर, ती म्हणतेय, माइक हवेत.”

मी दोन माइक लावले. लाभार्थीच्या मागणीची मंडळाने घेतलेली ही दखल साहेबांना पुढे विशेष आवडली.

नाटकाच्या दिवशी सभागृह खच्चून भरले होते. लाभार्थीला मानाने पहिल्या रांगेत बसवले होते, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. मी बाजूच्या दारापाशी उभा होतो, त्यामुळे मला ती तिघे नीट दिसत होती. रंगमंचावरची आई माइकसमोर येऊन गरजली, “त्यांना म्हणावं, या घरात तुमची कुणाला गरज नाही!” लाभार्थीने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले. रंगमंचावरचे बाबा गरजले, “तिला सांग, तिचं तोंड बघायचाही कंटाळा येतो!” तिने डोळे मिटले. मध्ये उभी असलेली सातवीतली मुलगी आधी डाव्या आणि मग उजव्या डोळ्याने रडली. सभागृहात हुंदके फुटले. लाभार्थीच्या आईने पदर डोळ्यांना लावला. बाबांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

पडदा पडला. टाळ्यांच्या कडकडाटात आई मुलीकडे वळली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “काय एकेक आईबाप असतात गं! त्या पोरीच्या जिवाचं काय होत असेल, याचा कुणी विचार केला का?”

मुलीने डोळे उघडले आणि आईकडे पाहिले. इतके दिवस तिला पाहत होतो, पण तिचा चेहरा असा मी कधीच पाहिला नव्हता. आता हिचे दिवस पालटले, असे मला वाटून गेले.

“तुझ्या बाबांना सांग,” आई म्हणाली, “त्यातला तो नवरा हुबेहूब ते होते म्हणावं.”

बाबा दुसऱ्या बाजूने वाकले. “आईला सांग, मी गाडीत बसतो. आणि त्या बाईचं काम करणारीनं काय हुबेहूब तिला उचललीय, तेही सांग.”

मुलगी बाबांकडे वळून म्हणाली, “आई म्हणतेय, छान झालं.” आणि आईकडे वळून म्हणाली, “बाबा म्हणतायत, हो.”

पुरस्कार आम्हालाच मिळाला. घराघरातला संवाद वाढवल्याबद्दल साहेबांनी मंडळाची पाठ थोपटली. लाभार्थीचे प्रकरण निकाली निघाल्याचे घोषित झाले, आणि निकाली निघालेल्यांना मंडळात बसता येत नसल्यामुळे तिचे सदस्यत्व रद्द करावे लागले. ती मधल्या सुट्टीत कधीकधी पडद्यांच्या खोलीबाहेर उभी दिसते. आत श्रोत्यांचा सराव चालू असतो, म्हणून तिला आत घेता येत नाही.

त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडताना कितीतरी पालक मला आवर्जून भेटले. कोणी म्हणाले, आमच्या शेजारी अगदी असंच आहे. कोणी म्हणाले, माझ्या धाकट्या जावेकडे. एकाने तर आपल्या वरच्या मजल्यावरच्यांसाठी नाटकाचा खास प्रयोग लावता येईल का, असेही विचारले. स्वतःच्या घरचे कोणीच नव्हते. हे वाचताना तुम्हालाही कोणीतरी आठवलेच असेल. त्यांना हे जरूर वाचायला द्या.

मंडळाबद्दल आपल्या काही सूचना असतील तर त्यांचे स्वागत आहे. मात्र त्या सांगायला स्वतः येऊ नये. मुलाबरोबर निरोप पाठवावा. तो आमच्यापर्यंत पोचतो तोवर बराच बरा झालेला असतो.