ओढ्याकाठची हजेरी

माझं अक्षर वाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मधूनमधून. कोणती वेलांटी कुठे द्यायची हे मला अजून ठरवता येत नाही, तेव्हा चुका सांभाळून घ्याव्यात. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी माफी मागते, कारण देशमाने सरांबद्दल लिहायचं आहे, आणि सरांच्या खिशाला अजून लाल पेन असतो.

सर पाखरांची हजेरी घेतात. गंमत म्हणून नाही. जाड पुठ्ठ्याचं, शाळेत असतं तसं हजेरीपुस्तक आहे त्यांच्याकडे. एक नंबर साळुंकी, दोन नंबर कोतवाल, तीन नंबर तांबट. सात नंबर सातभाई, म्हणून त्यांच्यावर सरांचा विशेष जीव. रोज सकाळी प्रत्येकापुढे ‘ह’ किंवा ‘गै’. भारद्वाज लागोपाठ दोन दिवस आला नाही, तर सर नाश्ता न करता त्याला शोधायला जातात. मोराला ते वर्गात घेत नाहीत. म्हणतात, “तो नुसता कपडे दाखवायला येतो.”

औशाच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, एक जुनी गढी आहे. नांदेडच्या मालकांनी ती दुरुस्त करून तिचं हॉटेल केलं. शहरातली माणसं दोन दिवस राहायला येतात, दारातल्या देवणी गाईबरोबर फोटो काढतात, आणि पहाटे सरांबरोबर पाखरं बघायला निघतात. मी खोल्या झाडते, चादरी बदलते, चहा नेऊन देते. माझी मुलगी लातूरला क्लासला आहे. तिची खोली, मेस, फी सगळं या पगारावर चालतं. त्यामुळे मी मालकांच्या गाडीचा आवाज आला तरी घाबरते. तशी मी सगळ्यालाच घाबरते, पण मालकांना जास्त.

सर पाहुण्यांना फिरायला नेतात म्हणजे वर्गच भरवतात. आधी रांग. बुटके पुढे, उंच मागे. कोणी लाल शर्ट घालून आला तर, “गणवेश बदलून या.” दुर्बिणीतून काही दिसलं की, “पॉइंट लक्षात आला का? हे परीक्षेला येतं.” आणि खरंच परीक्षा असते. परत आल्यावर पाच प्रश्न, मग उपमा. पुण्याचे एक साहेब तीनदा चंडोलाला चिमणी म्हणाले. सरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठवलं. “तुम्ही रिपिटर बॅच.” साहेब बँकेत मोठे अधिकारी होते, पण मुकाट्यानं उठले.

सर गढीतच राहतात, पण रात्री छताखाली झोपत नाहीत. थंडी असो, पाऊस असो. पावसात अंगणातल्या लिंबाखाली चार बांबूंवर ताडपत्री. उशाशी स्टुलावर तीन स्टीलचे ग्लास एकावर एक उपडे, वर चमचा. जमीन हलली की चमचा पडणार आणि सर जागे होणार. आजवर तो मांजरानंच पाडला आहे. लिंबाला पितळी घंटाही टांगली आहे.

स्वयंपाकाच्या रुक्मिणकाकू त्यांना लई हसतात. “सर, बाई न्हाई घरात म्हनून भांड्यासंगट संसार मांडला का?”

पण मी पाहिलं आहे, काकूंची वाकळ दाराच्या उंबऱ्याला लागून असते. माझीही असते. आमच्या भागात भूकंपाला हसणारं माणूस दारापासून लांब झोपत नाही. अजून कधीकधी जमिनीतून गुर्र आवाज येतो, आणि बोलणारी माणसं मध्येच गप्प होतात.

पाखरांना आधी कळतं, असं सरांचं म्हणणं. “त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी साळुंक्या झाडावर बसल्याच नव्हत्या. मी खिडकीतून पाहिलं. पण मी तेव्हा गतीचे नियम शिकवून राहिलो होतो.” तेव्हा सरांचा लातूरला पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्सचा क्लास होता. भूकंपानंतर त्यांनी तो बंद केला. पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, लोकांनी माडीवर माडी चढवली, आणि सर पाखरं मोजत बसले.

गेल्या वर्षापासून सरांचे गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला. वरचं माळरान ते करतात, पण ओढ्यात उतरता येत नाही. म्हणून ओढ्याची हजेरी माझ्याकडे आली. मी म्हटलं, “सर, माझं अक्षर…”

“ह आणि गै. दोनच अक्षरं. त्यात काय चुकणार?”

चुकलं ते अक्षरात नाही.

त्या पहाटे धुकं होतं. तीन खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या. मी हजेरीची वही घेऊन ओढ्याच्या वाटेला लागले. दोन दिवसांपूर्वी तिकडे रानडुक्कर दिसलं होतं. पायवाट उतरते तिथे लव्हाळ्यात काहीतरी घुरघुरलं. मी उभी राहिले. पाणी नुसतं ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. मी मागे फिरले आणि चुलीजवळ दवानं भिजलेलं लुगडं शेकत बसले.

आता हजेरी काय लिहायची? रोजच्यासारखं सगळ्यांपुढे ‘ह’ लिहावं तर ते खोटं. मी पाखरं पाहिली नव्हती. न पाहिलेलं हजर कसं लिहू? मी फार विचार केला, आणि खरेपणानं, ओढ्याच्या चौदाही पाखरांपुढे ‘गै’ लिहिलं. वही सरांच्या स्टुलावर ठेवली आणि चहा गाळायला गेले.

सरांनी वही डोळ्यांजवळ धरली. चौदा गैरहजर. एका वेळी. कधीच झालं नव्हतं असं.

मग घंटा वाजली.

“बाहेर या. सगळे बाहेर. छत सोडा.” सर घंटा बडवत होते, पण आवाज शांत होता, वर्गातला. पाहुणे पळत आले. एक जण टॉवेलवर, तोंडाला अर्धा साबण. एक ताई गोधडी गुंडाळून, हातात फक्त मोबाईलचा चार्जर. रुक्मिणकाकूंनी उपम्याचं पातेलं वाचवलं. आत झोपलेल्या नवऱ्याला हाक मारायची राहिली. मीही पळाले. मी काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं, तरी पळाले. घंटा ऐकल्यावर पायांना वहीतलं कळत नव्हतं.

आम्ही तासभर अंगणात उभे. टॉवेलवाले कुडकुडत होते. जमीन हलली नाही.

ऊन आल्यावर ओढ्याकडून कलकलाट आला. सातभाई. एकेक करत सातही भिंतीवर उतरले, मग अंगणात, आणि काकूंच्या पातेल्याभोवती सांडलेला उपमा टिपायला लागले.

आधी पाहुणे हसले. मग भडकले. तिन्ही खोल्यांचे पैसे परत मागितले, आणि मालकांनी फोनवरून ते द्यायला सांगितले. दुपारी मालक स्वतः आले.

“सर, तुमचा मान हाय, म्हनून हळू बोलून राहिलो. सहा हजार गेले. हे कोन भरनार? आन् अशी घंटा का वाजवली, ते सांगा. न्हाई तर मुक्काम हलवा.”

मुक्काम हलवायचा म्हणजे लातूरला भावाकडे, तिसऱ्या मजल्यावर, छताखाली. ते सरांना जमणार नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. मला बोलायचं होतं. पण बोलले तर माझी नोकरी जाईल, आणि मुलीचा क्लास. माझ्या हातातल्या कपबशा वाजायला लागल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कपबशांकडे पाहिलं. मग मालकांना म्हणाले, “माझी वाचण्यात चूक झाली. मोतीबिंदू. पगारातून कापा.”

मी ट्रे ठेवला आणि आत गेले. त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला, पण तोंड उघडलं नाही.

पुढल्या पगाराला मी तीनशे रुपये बिस्किटाच्या पुड्याच्या कागदात गुंडाळून सरांच्या स्टुलावर ठेवले. पळून जाणार होते.

“थांब, बाई. हे कशाचे?”

“सर, त्या दिवशी मी… ओढ्यावर…”

“गेली नव्हतीस.”

मी मान खाली घातली.

“घंटा वाजवल्यावर कळलं मला. सगळ्यांच्या पायाला दव लागलं होतं, दारातून अंगणात आले तेवढ्यात. आणि तू म्हणे ओढ्यावरून आलेली, तुझ्या लुगड्याची किनार कोरडी. हा पॉइंट मी घंटेच्या आधी पाहायला हवा होता.”

“मग मालकांना का न्हाई सांगितलं?”

सरांनी हजेरीपुस्तक उघडलं, पण पाखरांच्या पानावर नाही, अगदी पुढचं पान. मी ती पानं कधी पाहिली नव्हती. तिथे पोरांची नावं होती, सरांच्या सुबक अक्षरात. ह, ह, ह, गै, ह. भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती बुडवायला खेड्यातली पोरं गावाकडे गेली होती. सरांनीच सुट्टी दिली होती, दोन दिवसांची. सहा नावांपुढे पुढचे रकाने कोरे होते. पानाच्या शेवटापर्यंत कोरे. ‘गै’ एकदाही नव्हतं.

सर बोट फिरवत म्हणाले, “न पाहिलेल्याला गैरहजर लिहायचं नाही, बाई. जागा कोरी सोडायची. एवढं लक्षात ठेव.”

मी हो म्हटलं.

पैसे त्यांनी घेतले. नाही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं नसतं, हे त्यांना कळलं असावं. मग दर पगाराला तीनशे. सर दोन कप चहा मांडून बसायचे. नोटा सावकाश मोजायचे, उजेडाला धरायचे, प्रत्येक नोटेत काहीतरी खोट काढायचे. तेवढ्यात मुलीच्या मार्कांची चौकशी. एकदा तिची फिजिक्सची गणितं मागवून घेतली आणि लाल पेननं भरून पाठवली. खाली लिहिलं होतं, “घाई करू नये.”

वीस महिने झाले. शेवटचे तीनशे मी घरून तीनदा मोजून नेले. सरांनी मोजले, पुन्हा मोजले.

“दहा कमी आहेत.”

“न्हाई सर. तीनदा मोजले.”

“दोनशे नव्वद. मोतीबिंदू आहे, पण गणित येतं.”

मी पाहिलं, तर दहाची नोट त्यांच्या मांडीखालून डोकावत होती. सर चहाकडे बघत होते, कान मात्र लाल झाले होते. स्टुलावर दोन कप. एवढ्या मोठ्या अंगणात तेवढंच मांडलेलं.

मी म्हटलं, “पुढल्या महिन्यात आणते.”

“आण. घाई नाही.”

काल पगार झाला. मी दहाची नोट नेली. सरांनी ती उजेडाला धरली, पाठपोट पाहिली, आणि वहीच्या मागच्या पानावर माझ्या वीस नोंदींखाली एकविसावी लिहून लाल रेघ मारली. पैसे फिटले.

“आता?” सरांनी विचारलं.

“आता दर महिन्याला चहा घ्यायला येईन,” मी म्हटलं. “कप मांडून ठेवा.”