साहेब वाटेत हायेत

इंद्रजितला रविवारी सकाळी पन्नास माणसं हवी होती. बावीस मिनिटं जागेवरून न हलणारी. चांदे गावात पंगतीला पाचशे माणसं मिळतात, हळदीच्या डीजेपुढे हजार मिळतात, पण त्याचा चेलो ऐकायला बावीस मिनिटं बसेल असं एकही माणूस त्याला माहीत नव्हतं.

आणि गरज तर मोठी होती. परदेशातल्या एका संगीतसंस्थेनं आधुनिक शास्त्रीय संगीत रचणाऱ्यांसाठी वर्षभराची शिष्यवृत्ती काढली होती. अट एकच. नवी रचना निदान पन्नास श्रोत्यांसमोर सलग वाजवायची आणि व्हिडिओत, कुठंही न कापता, ते श्रोते शेवटपर्यंत बसलेले दिसले पाहिजेत. त्यावर त्याच्या वडिलांनी, कैलासअण्णांनी, स्वतःची आणखी एक अट चढवली होती.

"जमलं तर जा," अण्णा म्हणाले होते. "न्हाई जमलं तर एक तारखेपासनं मारुंजीच्या खोल्या तू बघायच्या. चोवीस भाडेकरू, चोवीस नळ. त्यातला एक तरी रोज गळतोच."

इंद्रजितला वेडं दोनच होती, हे संगीत आणि आर्थिक बातम्या. सकाळी उठला की तो टीव्हीवर शेअरबाजाराचं चॅनेल आवाज बंद करून लावायचा आणि खालच्या पट्टीत आकडे सरकतील तसा चेलोवर गज ओढायचा. निर्देशांक चढला की सूर चढायचा, रुपया घसरला की बोट घसरायचं. महागाईचा आकडा जाहीर झाला त्या दिवशी शेजारच्या धोंडाबाई म्हशीला काय झालंय ते विचारून गेल्या. आपलं संगीत कानाला गोड लागत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण त्याच्या मते अर्थव्यवस्थाही गोड लागत नाही. अण्णा मात्र दारातून आत डोकावून एवढंच विचारत, "ह्यो वाजवतोय का दुरुस्त करतोय?"

या सगळ्या आकड्यांतून त्याने 'तिमाही' नावाची बावीस मिनिटांची रचना बांधली होती. मागच्या महिन्यात घरीच अकरा नातेवाईक बसवून प्रयोगही करून पाहिला. चौथ्या मिनिटाला फक्त आई उरली आणि पाचव्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली. तो व्हिडिओ त्याने पुन्हा उघडून पाहिला नाही.

म्हणून यावेळी त्याने ग्रामपंचायतीचं सभागृह मागून घेतलं. गुरुवारी तो टेप घेऊन तिथं गेला, कारण माइक कुठं लावायचे ते ठरवायचं होतं. आधी आतल्या भिंती मोजल्या. मग एक माइक बाहेरच्या लिंबाखाली लावावा असं मनात आलं, म्हणून दारापासून लिंबापर्यंतही टेप लावली. लिंबापलीकडं कुशाबांचा मळा. कुशाबा बांधावर उभे राहून बघत होते.

"काय मोजतुयास रं?"

"काही नाही आजोबा. आवाज कुठवर पोचतोय ते बघतोय."

कुशाबांनी मान डोलावली आणि सरळ घर गाठलं. त्यांचं सत्तर वर्षांचं आयुष्य मुळशीत गेलं होतं. इथं टेप लावून गेलेल्या माणसामागून रस्ता तरी आला होता, कंपनी तरी, नाहीतर बंगल्यांची स्कीम तरी. गाणं कधी आलं नव्हतं. त्यातून विचारल्यावर जो माणूस "काही नाही" म्हणतो, त्याच्याजवळ नकाशा असतोच, हेही त्यांना अनुभवानं माहीत होतं.

शुक्रवारी इंद्रजितने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण टाकलं. 'रविवार, सकाळी दहा. विषय : अर्थव्यवस्थेतील चढउतार. प्रवेश मोफत. कार्यक्रमाचे पूर्ण चित्रीकरण होईल. शेवटपर्यंत बसणे आवश्यक.' खाली चेलोचं चित्र होतं, पण ते कोणी उघडलंच नाही. फुकट बोलवतात, शूटिंग करतात आणि उठू देत नाहीत, म्हणजे जमिनीचं काम. शनिवारी दुपारपर्यंत रस्ता लिंबाखालून निघून कुशाबांच्या मळ्यातून पार शेजारच्या नांदे गावाला जाऊन भिडला होता, आणि भाव सांगायला स्वतः मोठे साहेब येणार होते.

रविवारी साडेनऊलाच सभागृह भरलं. खुर्च्या कमी पडल्या, सतरंज्या आणल्या, त्याही पुरेनात. इंद्रजित पडद्याआडून बघत राहिला. तीनशे माणसं असतील. आधुनिक संगीताला अखेर दिवस आले, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. कॅमेरा सांभाळायला त्याची बहीण वैष्णवी होती. ती हळूच आत आली.

"दादा, एक सांगू? हे लोक तुझ्यासाठी आलेले नाहीयेत."

"मग?"

"रस्त्यासाठी आलेत. साहेब येऊन जमिनीचा भाव सांगणार म्हणे. बघ ना, प्रत्येकाच्या हातात सातबारा आहे."

त्याने पुन्हा पडद्याच्या फटीला डोळा लावला. खरंच, प्रत्येकाजवळ प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. पहिल्या रांगेत तर अण्णाच बसले होते. आपण येणार नाही म्हणून सकाळी ठणकावून सांगणारे अण्णा, मांडीवर सगळ्या गटांचे उतारे घेऊन. इंद्रजितला फार वाईट वाटलं. निदान ते तरी आपल्यासाठी आले असते तर बरं झालं असतं.

"खरं सांगून टाकू का सगळ्यांना?"

"सांग की. मग रिकाम्या खुर्च्यांना वाजवून दाखव."

इंद्रजित निमूटपणे जाऊन चेलो घेऊन बसला.

पहिली दहा मिनिटं कोणी हललं नाही. गावात कुठलाही कार्यक्रम स्वागतगीताशिवाय सुरू होत नाही, आणि हे स्वागतगीत चाललंय याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. व्यापारतुटीच्या भागात गज तारेवर आडवा घासताना एक पोर रडायला लागलं, तर चार जणांनी त्याला दटावलं. "गाणं एवढं लांबलंय म्हंजे सायेब लई मोठा आसनार," कुशाबांनी शेजाऱ्याला समजावलं. अकराव्या मिनिटाला सरपंच रेश्मावहिनींना वाटलं की गाणाऱ्याचा सत्कार राहिलाच. त्यांनी वर येऊन वाजवणाऱ्या इंद्रजितच्या खांद्यावर शाल घातली, हात मोकळे नाहीत असं पाहून नारळ त्याच्या पायाशी ठेवला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण पुढं शेवटचा भाग होता, 'व्याजदर जैसे थे'. त्यात आठ मिनिटं एकच खालचा सूर होता, तोही मध्येमध्ये बंद पडणारा. पहिल्यांदा तो बंद पडला तेव्हा स्वागतगीत संपलं असं समजून सगळे सावरून बसले. पुन्हा सुरू झाला तेव्हा सभागृहात कुजबूज झाली. तिसऱ्यांदा सुरू झाला तेव्हा कुशाबा उठले.

"सायेब कुटं हायेत? का येडं बनवाय बोलावलंय?"

मागच्या खुर्च्या सरकू लागल्या. दोन जण दाराकडं निघाले. इंद्रजितला मारुंजीचे चोवीस नळ गळताना दिसले. तेवढ्यात वैष्णवी अण्णांच्या कानाला लागलेली त्याला दिसली. अण्णांनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा पोराकडं पाहिलं, उतारे घडी करून पिशवीत घातले आणि उठून उभे राहिले. आता हे आपल्याला ओढून खाली नेणार, अशी इंद्रजितची खात्रीच झाली.

"खाली बसाऽ," अण्णा म्हणाले. तीन मजली इमारतीखाली उभं राहून भाडेकरूंना पाण्याची मोटार बंद करायला सांगून कमावलेला तो आवाज होता. "साहेब पौडातनं निघाल्यात."

सगळे बसले. इंद्रजितने सूर धरला. दोन मिनिटांनी पुन्हा चुळबूळ झाली.

"साहेब पिरंगुटाऽत आल्यात," अण्णा म्हणाले.

पुन्हा शांतता. पुन्हा सूर. मग कोणीतरी पिशवी उचलली.

"लवळ्याऽच्या फाट्यावर... साहेब... वाटंत हायेत."

शेवटचा सूर विरला तेव्हा तीनशे माणसं श्वास रोखून बसली होती. वैष्णवीने कॅमेरा बंद केल्याची खूण केली आणि अण्णांनी जाहीर केलं, "साहेबांचं रद्द झालं. अर्जंट मीटिंग लागली." कोणाला काही वाटलं नाही. साहेब आले असते तर लोक चक्रावले असते. चहा पिऊन सगळे पांगले.

"अण्णा, तुम्ही माझ्यासाठी—"

"तुझ्यासाठी न्हाई. लोकं उठताना खुर्च्या मोडत्यात. भरून कोण देनार?" असं म्हणत अण्णांनी नारळ पिशवीत घातला.

सात आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं. वैष्णवीने ओटीवर सगळ्यांना मराठीत सांगत वाचलं. श्रोत्यांची एकाग्रता पाहून समिती थक्क झाली होती. चेलोवादन ठीक होतं. मात्र अखेरच्या भागात उठून उभे राहणारे ज्येष्ठ गायक म्हणजे या रचनेचा प्राण, असं समितीचं एकमत होतं. शब्द कोणालाच कळले नव्हते, तरी न येणाऱ्याची अशी आर्त प्रतीक्षा त्यांनी आजवर ऐकली नव्हती. शिष्यवृत्ती त्या गायकाला देण्यात येत होती.

इंद्रजित प्रामाणिक मुलगा. त्याने त्याच दिवशी कळवलं की ते गायक नाहीत, माझे वडील आहेत आणि ते धडधडीत खोटं बोलत होते. उलट टपाली उत्तर आलं की हे समजल्यावर समितीचा आदर दुणावला आहे. गायकाला हवा असल्यास एक साथीदार आणता येईल, चेलोवाला चालेल.

अण्णांनी ते उत्तर उताऱ्यांच्या पिशवीत ठेवून दिलं. आठव्या दिवशी पहाटे अंगणातून लवळ्याचा फाटा ऐकू आला, मग पुन्हा एकदा, जरा खालच्या पट्टीत. इंद्रजित डोळे चोळत बाहेर आला.

"अण्णा, 'वाटंत'च्या आधी थोडं जास्त थांबलात तर—"

"मला नगं शिकवू. ते आतनं यावं लागतं."

"बरं. पण माझी बॅग भरू ना मी? साथीला?"

अण्णांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बघू," ते म्हणाले. "आधी हितं पायरीवर बस अन् बावीस मिन्टं ऐक. मला शेवटपर्यंत बसनारा मानूस पायजे."