भावोजींना आलेले तीन लाइक

आपली नेमकी किंमत ठाऊक नसलेला माणूस संसारात सुखी असतो, असं पूर्वीचे लोक मानत. त्यांच्याकडे किंमत मोजायचं साधन नव्हतं, त्यामुळे त्यांना तसं मानणं परवडायचं. आता साधन आलं आहे, ते मोफत आहे आणि उशाशी चार्जिंगला लावता येतं.

त्याचा आमच्या घरातला अनुभव जनहितार्थ सादर करतो. मी पाणीपुरवठा कार्यालयात परिपत्रकं लिहितो. ‘उद्या पाणी येणार नाही’ हे एकच वाक्य मी आजवर इतक्या प्रकारे लिहिलं आहे की माझ्या भाषेच्या काटेकोरपणाबद्दल शंका नसावी.

माझी ताई दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. दोघांची ओळख एका डेटिंग ॲपवर झाली, रीतसर लग्न झालं आणि पुढची बारा वर्षं दोघांनी एकमेकांकडे फारसं लक्ष न देता उत्तम संसार केला.

मग ताईच्या कामाच्या ठिकाणी एका समुपदेशक बाईंचं व्याख्यान झालं. विषय होता, दीर्घकालीन नात्यातला आत्मविश्वास. ज्याला बाहेर मागणी त्याची घरात कदर, असा बाईंचा सिद्धांत होता. (बाई स्वतः अविवाहित होत्या, त्यामुळे मत निःपक्षपाती होतं.) ताईला ते पटलं. दोघांनीही पुन्हा खातं उघडून फक्त मागणी तपासायची, असं स्वयंपाकघरात जेवताना ठरलं. सोबत नियमही ठरले: कुणाला भेटायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही, जेवताना फोन बघायचा नाही. हे सगळं न करण्याचा काही पर्याय आहे का, एवढंच भावोजींनी विचारलं. तो नव्हता. तिसरा नियम त्याच जेवणात मोडला.

आठवडाभरात ताईला दोनशेच्या वर लाइक आले. भावोजींना तीन. तिन्हींची छाननी मी जातीने केली. पहिला लाइक गाद्यांच्या दुकानाचा होता. दुसऱ्या बाईंनी ‘चुकून बोट लागलं’ असा खुलासा लगोलग पाठवला होता. तिसऱ्या बाई मात्र खरोखरच भावोजींच्या शोधात होत्या. त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि भावोजी फोन उचलत नव्हते.

ताईचा आत्मविश्वास सिद्धांताप्रमाणे वाढला. ती चमच्यातसुद्धा स्वतःला बघू लागली. मात्र समाधान त्याच प्रमाणात घसरलं, आणि याची तरतूद व्याख्यानात नव्हती. काल-परवापर्यंत तिच्याकडे एक नवरा होता, आता तीन लाइकवाला नवरा होता. आपण निवडलेला माल बाजारात उठत नाही म्हणजे आपली पारखच कच्ची, हे तिच्या मनाला लागलं. भावोजींचं म्हणाल तर ते दाढी रोज करायला लागले आणि बोलायचे जवळजवळ थांबले.

शेवटी ताईने सूत्रं हातात घेतली. भावोजींचा ओळखपत्रावरचा फोटो (त्यात ते नुकतेच पकडले गेल्यासारखे दिसतात) तिने काढून टाकला, आणि लिफ्टच्या बंद दाराला कान लावून उभे असलेले भावोजी टाकले. माहितीच्या रकान्यात तिने लिहिलं: ‘अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून बोलत राहतो. दार उघडेपर्यंत जागचा हलत नाही. न कंटाळता ऐकून घेतो.’

हे मी तपासलं. सगळं खरं होतं. फक्त त्याचा लाभ घ्यायला लिफ्टमध्ये अडकावं लागत असे.

लाइकचा पूर आला. भावोजी उत्तर द्यायला लाजत, म्हणून त्यांच्या नावाने ताईच उत्तरं देऊ लागली आणि दुसरा नियमही निकालात निघाला. ती इतकी रंगून लिहायची की भावोजींना त्या फोटोतल्या माणसाचा हेवा वाटू लागला. तो त्या बायकांशी जेवढं बोलायचा तेवढं आपण ताईशी कधी बोललो नाही, असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं.

एका संध्याकाळी एका शिवणशिक्षिकेने विचारलं, की इतका चांगला माणूस अजून एकटा कसा? ताईने काहीतरी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. मी समोरच होतो. अखेर तिने भांडी घासणाऱ्या भावोजींना विचारलं, काय लिहू?

भावोजींनी नळ बंद केला. “लिही, एकटा नाहीये. बायको आहे, पण ती सध्या फोनवर असते.”

ताईने ते शब्दशः लिहिलं आणि पाठवलंही. मग तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

“लिफ्टमधल्या लोकांशी बोलतोस, तसं माझ्याशी बोल ना,” ती म्हणाली.

“अगं, ती माणसं अडकलेली असतात. त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते.”

“मग मी काय फिरायला आलेय इथे?”

ताई उठली, भांडी ठेवायच्या छोट्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. भावोजींनी हात पुसले, दाराबाहेर जमिनीवर बसकण मारली आणि व्यावसायिक स्वरात विचारलं, “आत किती जण आहेत?”

“एकच,” ताई म्हणाली. “बऱ्याच दिवसांपासून.”

पुढचं मी ऐकलं नाही. मला निघून जाण्याची खूण करण्यात आली होती. आता दोन्ही खाती बंद आहेत, त्या खोलीतली भांडी बाहेर काढून आत एक स्टूल ठेवलं आहे आणि दोघांचं बरं चाललं आहे.

सबब, विवाहित वाचकांनी असले प्रयोग करू नयेत, अशी शिफारस आहे. अर्थात हे वाचताना आपल्याला किती लाइक येतील याचा अंदाज तुम्ही केव्हाच बांधलाय. जोडीदाराचा आकडा त्यापेक्षा कमी धरलात, तेही लक्षात आलं आहे.